पंचवीस नोटांपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरसारख्या तालुक्याच्या गावात कॅशियरने कोऱ्या नोटांचं बंडल हाती ठेवलं की बहुतेक लोक नोटा मोजतात. छांदिष्ट माणूस क्रमांक वाचतो. शेवटी ७८६ आलंय का? अक्षरं आणि क्रमांक यांच्यामध्ये तारा आहे का? छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी घातलेली नोट ओळखू यावी म्हणून रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये तारांकित नोटा आणल्या. अशी दहाची नोट सापडली की ती घरी जाते आणि सहसा पुन्हा बाजाराचं तोंड पाहत नाही.

मग हा परिग्रह म्हणायचा की त्याग? त्या नोटेने काय विकत घेता आलं असतं, यावर संग्राहकाने पाणी सोडलेलं असतं. नोट मात्र सोडवत नाही.

बेळगाव-निपाणी पट्ट्याला हा विचार परका नाही. बेळगावच्या किल्ल्यात तेराव्या शतकातली कमल बस्ती उभी आहे आणि या भागात शेती करणारी जैन कुटुंबं गावोगाव आहेत. अपरिग्रह हे त्यांचं पाचवं व्रत. मुनी सगळंच सोडतो. गृहस्थाने परिग्रह-परिमाण करायचं, म्हणजे आपण किती ठेवणार याची हद्द स्वतःच आखायची. ‘तत्त्वार्थसूत्र’ तर परिग्रहाची व्याख्या वस्तूवरून करतच नाही, वस्तूत अडकलेल्या मनावरून करतं. या मापाने एकाच नोटेपायी झोप उडालेला माणूस श्रीमंताहून मोठा परिग्रही ठरू शकतो.

सरकारनेही एकदा अशी हद्द आखली. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या. २०१७ च्या कायद्याने अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं गुन्हा ठरवलं. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी मात्र पंचवीसपर्यंत मुभा दिली. या नोटांपोटी रिझर्व्ह बँक आता कुणाचं काही देणं लागत नाही. तरीही कुणी त्या जपत असेल, तर ते पैशाचं प्रेम नव्हे. तिथे नोट दस्तऐवज झालेली असते.

खानापूरच्या शेजारच्या गोव्याचंच पाहा. पोर्तुगीज अमदानीत बँको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या नोटा आधी रुपियाच्या होत्या, १९५९ पासून एस्कुदोच्या झाल्या, आणि १९६१ च्या डिसेंबरात ती सत्ताच गेली. एका राजवटीचे शेवटचे दिवस त्या कागदावर वाचता येतात. आपल्या नोटेच्या मागेही, पाट्यांच्या भाषेवरून वाद झडणाऱ्या या सीमाभागात, कन्नड आणि मराठी एकाच पट्टीत छापलेल्या असतात. हे निरखून वाचणारा संग्राहक समाजाला हवाच.

पेच ७८६ पाशी पडतो. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची ही बेरीज श्रद्धेने जपणारे आहेत. तीच नोट चढ्या भावाने विकायला काढणारेही आहेत. जुन्या नोटांच्या खरेदी-विक्रीच्या फसव्या जाहिरातींपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये सांगावं लागलं. आपली हद्द आधीच आखलेला संग्राहक, म्हणजे प्रत्येक गव्हर्नरच्या सहीची एकच नोट ठेवीन असं ठरवलेला, या बाजारात सहजी ओढला जात नाही. हाती आलेली दुसरी प्रत तो नव्याने छंद लागलेल्या शाळकरी पोराला दर्शनी किमतीत देऊन टाकू शकतो.