देवाचे प्रतिरूप आणि आपला शेजारी

देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे केले, हे आपण बालपणीच शिकतो. पण ह्याचा अर्थ काय, असे कोणी विचारले असता पुष्कळांस उत्तर सुचत नाही. देवाला आपल्यासारखे हातपाय नाहीत. म्हणून कित्येक विद्वानांनी असे शिकविले की, बुद्धी, वाचा व सदसद्विवेक हेच ते प्रतिरूप होय. ह्यात तथ्यांश आहे. तथापि तेवढेच खरे मानले, तर पाळण्यातले तान्हे मूल, जन्मापासून मंदबुद्धी असलेला भाऊ, वार्धक्याने पोटच्या लेकरांनाही न ओळखणारी आजी, ह्यांच्या ठायी ते प्रतिरूप कमी आहे काय?

प्रिय वाचकहो, आपल्याच जिल्ह्यातील दृष्टांत घ्या. तेर हे गाव प्राचीन काळी तगर म्हणून दूरदेशी प्रसिद्ध होते. तेथील कापड भडोचच्या बंदरास जाई. तेथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनांच्या काळची नाणी ठेविली आहेत. नाणे मातीत पडून काळवंडते, झिजते. म्हणून काही ते खापर होत नाही. राजाने त्यावर मुद्रा उमटवून ते आपले म्हटले, ह्यातच त्याचे मोल, चकाकीत नव्हे. मनुष्याचेही तसेच आहे. पापाने मुद्रा मळली, पण पुसली गेली नाही. आदामाच्या पतनानंतर कित्येक पिढ्या लोटल्यावर देवाने नोहाला नरहत्येची मनाई केली, तेव्हाही कारण हेच सांगितले (उत्पत्ति 9:6). ती मळलेली मुद्रा उजळावयास प्रभू ख्रिस्त आला.

हे कळले, तरी आचरणात आले काय? मी तरुण असताना एका मंडळीत प्रीतिभोजनास बसलो होतो. पूर्वी महार म्हणविणारे एका ओळीत, मांग म्हणविणारे दुसऱ्या ओळीत. पाण्याचे तांबेही निरनिराळे. मी पाहिले, प्रार्थना केली, जेवलो आणि गप्प राहिलो. त्या मौनाची लाज मला अजून वाटते.

ह्याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे 1941 च्या फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार व मांग ह्या दोन्ही समाजांच्या वतनदारांची एकत्र परिषद भरविली. 26 जानेवारी 1950 पासून राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट करून तिचे आचरण गुन्हा ठरविले. घटनेची सत्ता पाणवठ्यापर्यंत पोहोचते. आपल्या घरातला वेगळा तांबा मात्र आपणच उचलला पाहिजे. प्रतिरूपाची शिकवण ज्यांच्या तोंडी, त्यांनीच मागे राहावे काय?

कोणी म्हणेल, "आम्हांला तुच्छ लेखणाऱ्याच्या ठायीही प्रतिरूप मानावे काय?" होय, मानावे. ह्याचा अर्थ अन्याय मुकाट्याने सोसावा असा नव्हे. तो पशू नव्हे, मनुष्य आहे. म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. परंतु त्याला शाप देऊ नये. ज्या जिभेने आपण पित्याची स्तुती करतो, तिनेच त्याच्या प्रतिरूपाला शाप देणे याकोबाला अयोग्य वाटले (याकोब 3:9).

बंधुभगिनींनो, येत्या प्रीतिभोजनात आपल्या शेजारी कोण बसतो ते पाहा. तेथे नेहमीचाच मनुष्य असेल, तर उठा आणि दुसऱ्या ओळीत जाऊन बसा.