आधींचे आठ दिवस

ऋतुस्रावाच्या दिवसांना आमच्या घरांत नांवांची वाण नाहीं. 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली', 'अडचण आहे' असें म्हणण्याची सोय सातारा-सांगलीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यांच्या आधींच्या आठवड्याला मात्र नांव आमच्या ऐकण्यांत नाहीं. त्या आठवड्यांत तरुण मुलगी कारणावांचून रडते, धाकट्या भावावर खेंकसते, पुस्तक पुढ्यांत घेऊन तासभर एकाच पानावर बसते. आणि घरची मंडळी तिच्या स्वभावाला नांव ठेवून मोकळी होतात.

वैद्यकानेंहि हें दुखणें उशिराच ओळखलें. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँक यांनीं १९३१ सालीं त्याचें वर्णन केलें. त्याच्या तीव्र रूपास अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथांत स्वतंत्र विकार म्हणून स्थान मिळालें तें २०१३ सालीं. मधल्या काळांत, १९९८ च्या एका संशोधनांत, असें दिसून आलें होतें कीं या स्त्रियांच्या शरीरांतील हार्मोनचें प्रमाण इतरांसारखेंच असतें. त्यांच्या चढउताराला मेंदू मात्र अधिक तीव्रतेनें प्रतिसाद देतो.

ही तीव्रता कोणाच्या वांट्यास अधिक येते? घराण्यांतून आलेली प्रवृत्ति, पूर्वींचा विषाद, स्थूलता, धूम्रपान, अशीं कारणें सांगतात. त्याच यादींत सततचा मानसिक ताण आहे, बालपणीं सोसलेला छळहि आहे. येथें आम्हांस थांबावेंसें वाटतें. रक्तांतून आलेल्या गोष्टीचा दोष कोणाकडेच जात नाहीं. पण पहाटे पाणी भरून, भाकऱ्या थापून, कराडच्या किंवा सांगलीच्या महाविद्यालयासाठीं एस. टी. गांठणारी मुलगी संध्याकाळीं परतते, तेव्हां तिच्या लग्नाची बोलणीं ओसरीवर चाललेलीं असतात. हा ताण काय तिच्या शरीरांत उपजला? 'जोखमीचें कारण' म्हणून तो तिच्या खात्यावर मांडला जातो. कर्ज दुसऱ्यांनीं काढलेलें असतें. एखाद्या मुलीच्या दुखण्यांत ताणाचा वांटा नेमका किती, हें कोणी मोजून देऊं शकत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. घरानें आपला हिशेब तपासण्यास तेवढी शंकाहि पुरे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. त्या दिवसांत मुलगी 'मला हें लग्न नको' असें ओरडून म्हणाली, तर बोललें कोण, ती कीं तिचें दुखणें? दुखण्याचें नांव समजल्यावर कांहीं सुशिक्षित घरांत उलटाच प्रकार होतो: तिच्या प्रत्येक तक्रारीला 'तारीख जवळ आली वाटतें' हें ठराविक उत्तर मिळूं लागतें. नांव नव्हतें तेव्हां स्वभाव वाईट ठरला. नांव मिळालें तेव्हां शब्दाची किंमत गेली. आमच्या मतें विकारानें आवाज चढतो, पण चढलेल्या आवाजांतलें बोलणें तेवढ्यानें खोटें होत नाहीं.

निदानासाठीं वैद्य कमींत कमी दोन पाळ्यांची रोजची नोंद मागतात. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत लक्षणें ओसरत असतील, तरच तो हा विकार. (तीव्र प्रकारांत जिवाचें बरेंवाईट करण्याचेहि विचार येतात, आणि त्यावर औषधें आहेत; तेथें विलंब करूं नये.) त्या वहींत आम्ही आणखी एक रकाना सुचवितों: त्या दिवशीं घरांत काय घडलें. तो एकट्या मुलीनेंच भरावा असें नाहीं. आणि पुढच्या शांत आठवड्यांत लग्नाची ती गोष्ट तिला पुन्हा विचारावी. तेव्हांहि ती 'नको'च म्हणाली, तर पाहुण्यांस तसें कळवावें.