धनी नसलेली ठेव

ज्या वस्तूचा धनी या जगात उरला नाही ती वस्तू कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांचा आहे. परंतु आपल्याकडील जुन्या रीती पाहिल्या म्हणजे असे दिसते, की वकिलांच्या पुष्कळ आधी तो साध्या माणसांना पडला होता आणि त्यांनी आपल्या परीने त्याचे उत्तरही देऊन ठेवले होते. वाटेत सापडलेला पैसा खिशात घालू नये, देवाच्या पेटीत टाकावा, असे किती तरी घरांतून मुलांना सांगत. जमिनीत पुरलेल्या हंड्यावर नाग बसलेला असतो, असे म्हणत. तो नाग खरा की खोटा, हा मुद्दा नाही. दुसऱ्याच्या धनाला हात लावताना मनात जो संकोच उत्पन्न होतो, त्याला लोकांनी नागाचे रूप दिले, एवढेच. पुढे इंग्रज सरकारने १८७८ साली गुप्तधनाचा कायदा केला. दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवावे, आणि धनी न मिळाल्यास सापडवणारा व जमीनमालक यांनी ते कसे वाटून घ्यावे, हे त्या कायद्याने सांगितले. नागाने मात्र वाटणी कधीच सांगितली नव्हती.

मी या प्रश्नाचा विचार करू लागलो तो आल्प्स पर्वतात, मों ब्लांच्या उतारावर. माझा भाचा नोकरीनिमित्त जिनेव्हाला असतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही दोघे शामोनीच्या खोऱ्यात आलो आणि बोसाँ नावाच्या हिमनदीच्या कडेने वर जाणारी पायवाट धरली. ही वाट ला जोंक्सियाँ या जागेपर्यंत, सुमारे २,५८९ मीटर उंचीवर जाते. तेथे खडकाच्या एका सोंडेने वरून येणारा बर्फ दुभंगतो व त्याच्या दोन हिमनद्या होतात. १७८६ च्या ऑगस्टमध्ये बाल्मा आणि पाकार हे दोघे या बाजूनेच गेले, येथेच जवळपास त्यांनी रात्र काढली, आणि दुसऱ्या दिवशी, ८ तारखेला, मों ब्लांच्या माथ्यावर माणसाचे पाऊल प्रथम पडले. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला चढ नवा नसतो. घाम, धाप, खडकावर घसरणारे पाऊल, हे सारे ओळखीचेच. नवे वाटते ते हे, की आपण वर चालत असताना शेजारून बर्फ खाली चालत असतो. डोळ्यांना तो स्थिर दिसतो, पण मधूनच आतून कडाडल्याचा आवाज येतो आणि कळते, की हा डोंगर नव्हे, ही नदी आहे.

ही नदी जे गिळते ते परत करते, हे त्या खोऱ्यातील लोकांना फार पूर्वीच समजले. १८२० साली मों ब्लांवर निघालेल्या एका तुकडीतले तीन वाटाडे हिमलोटाबरोबर बर्फाच्या भेगेत गडप झाले. हिमनद्यांच्या गतीचा अभ्यास करणाऱ्या फोर्ब्ज नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने, सुमारे चाळीस वर्षांनी ते खाली येतील, असा अंदाज बांधला होता. १८६१ साली बोसाँच्या पायथ्याशी त्यांचे अवशेष खरोखरच बाहेर पडू लागले. त्या १८२० च्या दिवशी बचावलेला त्यांचा एक सोबती तेव्हा हयात होता. तरुणपणी डोळ्यांदेखत नाहीसे झालेले गडी म्हाताऱ्याच्या पायाशी परत आले, आणि ते अजून तरुणच होते! शास्त्राचे गणित अचूक ठरले, याचा आनंद त्या म्हाताऱ्याला झाला असेल काय, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आमच्या देशाची दोन विमाने या डोंगरावर पडलेली आहेत. ३ नोव्हेंबर १९५० रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरोमार्गे जिनेव्हा व लंडनकडे जात असताना माथ्याजवळच्या खडकांवर आदळले आणि ४८ माणसे गेली. त्यांतले बहुतेक प्रवासी इंग्लंडमध्ये बोटीवर रुजू होण्यासाठी निघालेले खलाशी होते. त्यांच्या शोधाला निघालेल्या तुकडीतला रने पेयो नावाचा वाटाड्याही त्या मोहिमेतच मरण पावला. पुढे २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच जागी, सुमारे ४,७०० मीटरांवर आदळले आणि ११७ माणसे गेली. त्यांत डॉ. होमी भाभा होते. चौकशी मंडळाला कारण दिसले ते असे: विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते, वैमानिकाचा आपल्या ठिकाणाबद्दलचा अंदाज चुकला, जमिनीवरच्या नियंत्रकाला ते उमगले व त्याने तसे कळवलेही, पण शब्द पुरेसे नेमके नव्हते. डोंगर मागे पडला, अशा समजुतीने विमान खाली उतरू लागले. तेव्हा डोंगर पुढेच होता.

तेव्हापासून या दोन विमानांतील चीजवस्तू बर्फाबरोबर खाली येत आहेत. अपघाताच्या मूळ जागी जाणे तुमच्या-माझ्यासारख्याचे काम नव्हे. परंतु आपण त्या जागेकडे चढत असतो आणि ती जागाच थोडी थोडी आपल्याकडे उतरत असते. २०१२ साली भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची एक थैली सापडली. तिच्यात वर्तमानपत्रे व दिनदर्शिका होत्या, आणि ती पॅरिसच्या आपल्या वकिलातीकडे पोचती झाली. २०२० साली १९६६ च्या जानेवारीतली वृत्तपत्रे सापडली. इंदिरा गांधी पंतप्रधान होणार, ही त्यांच्यातली ताजी बातमी होती. २०१७ साली माणसाच्या हाडामांसाचे अवशेष सापडले. आणि २०१३ साली एका तरुण गिर्यारोहकाला पाचू, नीलम व माणके भरलेली एक पेटी सापडली. आसपास कोणी नसताना हा गडी ती घेऊन खाली आला आणि पोलिसांच्या स्वाधीन करून मोकळा झाला. अधिकाऱ्यांनी आठ वर्षे वाट पाहिली. अखेर २०२१ च्या डिसेंबरात फ्रेंच कायद्याप्रमाणे तिचे दोन वाटे झाले. एक त्या तरुणाला, एक शामोनीच्या नगरपालिकेला. प्रत्येक वाटा सुमारे दीड लाख युरोचा.

या व्यवहारात कोणाचेही काही चुकले असे मला वाटत नाही. तरुण प्रामाणिक, कायदा समंजस, मुदत भरपूर. माझा प्रश्न त्या रत्नांसंबंधी नाहीच. रत्नांना किंमत असते, म्हणून त्यांच्याजवळ माणूस सावध होतो. सारा घोटाळा होतो तो बिनकिमती वस्तूपाशी.

हिमनदीच्या कडेला तिने आणून टाकलेल्या दगडमातीचा एक बांध असतो. त्या बांधाजवळ भाच्याला तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा तुकडा दिसला. कडा पिळवटलेल्या, रिव्हेटची चार भोके ओळीने जागच्या जागी. त्याने तो उचलला, रुमालाने पुसला आणि सहज पिशवीत टाकू लागला. मी म्हटले, “राहू दे तो तिथेच.”

“का, मामा?” तो म्हणाला. “हा काही हिरा-माणिक नाही. भंगारवाला याचे चार आणे देणार नाही. आणि इथे ठेवून काय होणार? आणखी थोड्या वर्षांत दगडांखाली भरडून याचा चुरा होईल आणि आर्व नदीतून वाहून जाईल. तुम्ही म्हणता तसे करणे म्हणजे याला जपणे नाही, मोडू देणे आहे. मी नेला तर निदान कोणी तरी विचारेल, हे काय आहे म्हणून, आणि मी सांगेन.”

मुलगा इंजिनिअर आहे. त्याचा युक्तिवाद भक्कम होता. बर्फ वस्तू जपत नाही, हे खरे. ज्यांनी वर्षानुवर्षे या उतारावर हिंडून असे अवशेष गोळा केले, त्यांच्यामुळेच या दोन अपघातांची आठवण त्या खोऱ्यात टिकली, हेही खरे. उचलणारा प्रत्येक जण लुटारू, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरी माझे मन मानेना, आणि का मानत नाही ते मी वाटभर चाचपून पाहत राहिलो.

पहिली गोष्ट मला अशी दिसली, की त्या तुकड्यावर कोणाचे नाव नाही म्हणून आपण त्याला बेवारशी समजतो. पण नाव नाही याचा दुसराही अर्थ होतो. अंगठीवर नाव असते, तेव्हा ती एकाची असते. विमानाचा पत्रा सगळ्यांना मिळून एकच होता. त्याच्या आत शास्त्रज्ञ बसला होता, खलाशी बसला होता, चहा देणारी मुलगी उभी होती. तो तुकडा १९५० चा की १९६६ चा, हे आम्हांला सांगता येत नव्हते. म्हणजे त्याचे वारसदार शोधायचे तर दोन्ही विमानांतील १६५ घरे धुंडावी लागतील. या अपघातांपैकी एकाची ओळख आपण डॉ. भाभांच्या नावाने ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूत काही कारस्थान होते काय, याच्या पुराव्यासाठीही लोक हे अवशेष न्याहाळत असतात. पण दुसऱ्या विमानातल्या खलाशांच्या आयांनी कोणता पुरावा शोधायचा? तो पत्रा तेवढा अजून भेद करीत नाही.

दुसरी गोष्ट पालाशविधीची. परदेशी किंवा पाण्यात माणूस गेला आणि देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, असा आपल्याकडे विधी आहे. त्या दोन विमानांत नाना धर्मांची माणसे होती, प्रत्येकाच्या घरी रीत निराळी. पण गरज तीच, की कुठे तरी काही तरी ठेवून निरोप घेता यावा. देह नाही तर पाने. म्हणजे मृताची खूण म्हणून पळसाच्या पानालाही जी योग्यता येते, ती त्याच्या किमतीमुळे येत नाही. निरोप देणाराने ते त्या भावनेने हाती घेतले म्हणून येते. मग उलट दिशेनेही हे खरे असले पाहिजे. मृताची खरीच खूण आपण प्रवासाची आठवण म्हणून हाती घेतली, तर तिचा पुन्हा नुसता पत्रा होतो. वस्तू तीच, आपण तिच्यापाशी कोण म्हणून उभे राहतो, यावर सारे अवलंबून.

म्हणून मला वाटते, ‘ही वस्तू कोणाची?’ हा प्रश्न अशा ठिकाणी अपुरा पडतो. त्याला कायदा उत्तर देईल. मुदत संपली की धनी संपला, असे तो म्हणेल, आणि व्यवहाराला ते म्हणावेच लागते. पण आपल्या भाषेत ‘ठेव’ असा एक सुरेख शब्द आहे. ठेवणारा परत आला नाही तरी ठेव ही ठेवच राहते. सांभाळणारा तिच्यामुळे श्रीमंत होत नाही. त्याच्या डोक्यावर एक काम तेवढे चढते. डोंगरात सापडलेला तो तुकडा उचलूच नये, असे मी म्हणणार नाही. उचलावा, पण ठेव म्हणून. म्हणजे तो कोठे सापडला याची नोंद करावी, खाली अधिकाऱ्यांना दाखवावा, ज्याला त्याचे दुःख आहे असा कोणी कधी आला तर त्याला पाहता येईल अशा जागी सोपवावा. एवढे करण्याची तयारी नसेल, तर बर्फाने त्याचा चुरा केला तरी चालेल. नाश हा अपमान नसतो. आपलीही हाडे शेवटी नदीलाच मिळतात.

हे मी भाच्याला याच शब्दांत सांगितले नाही. एवढेच म्हटले, की नेणार असशील तर त्याच्या मागचे सगळे काम तुला लागेल. तो थोडा वेळ तुकडा हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, “तेवढे माझ्याने होणार नाही, मामा.” आणि जेथून उचलला होता तेथेच, भोकांची बाजू वर करून, ठेवून दिला. मला त्याचे हे उत्तर फार आवडले. आपल्याने किती होईल हे ओळखून हात मागे घेणे, यातही एक प्रामाणिकपणा असतो.

गेल्या काही दशकांत जगभरच्या हिमनद्या झपाट्याने वितळत आहेत. बोसाँही पुष्कळ मागे हटली आहे. आल्प्समध्ये काय किंवा हिमालयात काय, हरवलेली माणसे आणि त्यांच्या वस्तू आता यापुढे अधिकच वर येऊ लागतील. आणि त्या सापडतील त्या शोधपथकांना नव्हे, तर सुटीत हिंडायला गेलेल्या, पाठीवर पिशवी अडकवलेल्या तुमच्या-आमच्यासारख्यांना. त्या वेळी जवळ पोलीस नसेल, कायद्याचे पुस्तक नसेल, आणि वस्तूवर बहुधा नावही नसेल. हातात घेण्यापूर्वी तिला कोणाची म्हणून विचारून उपयोग नाही. ती बोलणार नाही. मी हिचे काय करणार आहे, एवढे स्वतःला विचारता येईल. त्याचे उत्तर देण्याला मात्र कोणतीही मुदत लागत नाही.