उंबर कुणी लावत नाही

कोल्हार बुद्रुकात असो की प्रवरा नदीपलीकडच्या कोल्हार खुर्दात, बांधावरचा आंबा कुणी लावला हे विचारलं की नावानिशी उत्तर मिळतं. कोय कुठून आणली, पाणी कुणी घातलं, पुढे वाटणीत ते झाड कुणाकडे गेलं आणि त्यापायी कोण कुणाशी किती वर्षं बोलत नव्हतं, सगळं. उंबराचं विचारलं तर समोरचा आपल्याकडेच चमकून बघतो. ‘उंबर कुठं लावत्यात व्हय? तो येतो.’

तो येतो, म्हणजे तांबट, साळुंक्या, बुलबुल आणतात, रात्री वटवाघळं आणतात. पिकलेली उंबरं खाल्ली की बी त्यांच्या पोटातून जाऊन पडेल तिथे पडतं. पडक्या वाड्याच्या भिंतीत, देवळाच्या शिखरावर, आणि सगळ्यांत जास्त विहिरीच्या कड्याला. दगडी बांधीव विहिरीच्या सांध्यात बोटभर माती साठलेली असते, आतून ओल असते, वरून तिरपं ऊन येतं. उंबराच्या बीला याहून चांगली जागा कुठली रोपवाटिका देणार?

मालकाची मात्र पंचाईत होते. मुळं जाड झाली की दगड सुटायला लागतात, हे त्याला दिसत असतं. पण कुऱ्हाड उचलत नाही. दत्ताचं झाड. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही गुरुचरित्रातली गोष्ट घरातल्या कुणीतरी कधीतरी सांगितलेली असते. या एका धाकाने जितके उंबर वाचले, तितके कुठल्या सरकारी परिपत्रकाने वाचले नसतील, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि विहिरीशी उंबराचं नातं काही नुसतं उपद्रवाचं नाही. उंबराच्या आसपास पाणी लागतं, हे वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहून ठेवलंय. उंबराचं लाकूड उघड्यावर फार टिकत नाही, पाण्यात मात्र टिकतं, म्हणून विहिरीच्या तळाच्या चौकटीला तेच वापरत.

आता भाग बदललाय. 1926 साली भंडारदरा धरण पूर्ण झालं, कालव्याचं पाणी खेळलं, लोणीचा साखर कारखाना उभा राहिला आणि प्रवरेच्या दोन्ही अंगांना ऊस झाला. त्याने घरं वर आली, त्याबद्दल नाक मुरडण्याचं कारण नाही. पण उसाला जागा लागते. बांध कोरून कोरून पायवाटेएवढे उरले. नव्या विहिरींना सिमेंटचं कडं आलं, कित्येक ठिकाणी तर विहीरच गेली आणि बोअर आली. सिमेंटला सांधा नसतो. पक्षी बी आजही आणतात, ते पडतं स्लॅबवर, नाहीतर तणनाशक मारलेल्या सरीत. उंबर तोडायला आजही कुणी सहसा धजत नाही. फक्त नवा उंबर यायची वाट बुजत चाललीय. जे झाड आजवर कुणी लावलं नाही, ते लावायची वेळ या पिढीवर आलीय, ती अशी.

आणि लावायला बसलं की कळतं, आपल्या हाताची सवयच आड येते. बी म्हटलं की आपण बोटाने भोक पाडतो, टाकतो, वरून माती लोटतो. उंबराचं बी खसखशीसारखं बारीक. त्यात अन्नाचा साठा नसल्यात जमा, आणि रुजायला त्याला उजेड लागतो. पुरलं की गेलं. झाडाखाली पडलेलं लालसर, मऊ फळ घ्यावं. फोडलं की आधी किडे बाहेर पडतात. त्यांना जाऊ द्यावं. गर पाण्यात चोळावा, तरंगेल ते फेकावं, तळाला बसेल ते फडक्यावर सावलीत सुकवावं. पसरट कुंडीत चाळलेला पोयटा आणि कुजलेलं शेणखत दाबून बसवावं, बी चिमूटभर राखेत मिसळून वर नुसतं भुरभुरावं. झाकायचं नाही. पाणी खालून, कुंडी परातीत ठेवून द्यायचं. झारीने घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जातं. वरून पारदर्शक प्लॅस्टिक, आणि मुंग्यांवर लक्ष. दोन-तीन आठवड्यांनी कुंडीवर हिरवी बुरशी चढल्यासारखं दिसतं. भिंग घेऊन बघितलं तर टाचणीच्या डोक्याएवढी दोन-दोन पानं असतात. याच वेळी एक दुपार कुंडी कोरडी राहिली तर खेळ संपला. आणि फार ओल झाली तर रोपं मर लागून आडवी होतात.

ते किडे बघून तोंड वाकडं करणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, की ते नसते तर बीच नसतं. उंबराची फुलं फळाच्या आत असतात. दोनेक मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली मादी फळाच्या तोंडाच्या भोकातून आत घुसते, घुसताना पंख गमावते, परागकण पोचवते, अंडी घालते आणि आतच मरते. पुढच्या पिढीतले नर बिनपंखाचे. ते मादीशी जुगतात, तिला बाहेर पडायला भुयार पाडून देतात आणि तेवढ्यातच संपतात. परागकण घेऊन निघालेल्या मादीच्या हाती एखाददुसरा दिवस असतो, तेवढ्यात दुसऱ्या झाडावर योग्य वयाचं फळ गाठायचं. आफ्रिकेत नामिबच्या वाळवंटात उंबराच्या भाऊबंदाच्या अशा माश्या वाऱ्यावर 160 किलोमीटरपर्यंत परागकण नेतात, असं आढळलंय.

माशी नसली की काय होतं, त्याचं उदाहरण घरात आहे. पुरंदरचं अंजीर, 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं. ते माशीवाचून धरतं, म्हणून त्यातलं बी पोकळ. ते पेरून काही उगवत नाही. छाटच लावावं लागतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले राजेवाडी’ हा वाण दिला, तोही छाटांनीच पसरतो. बाहेरदेशीचं सुकं अंजीर पेरलं तर रोपं येतात खरी, पण त्यांतली निम्मी खाण्याजोगं फळ देत नाहीत आणि उरलेल्यांतल्या कित्येकांना न मिळणारी माशी हवी असते. इजिप्तमध्ये तर उंबराच्या भाऊबंदाची जात हजारो वर्षं माणसाच्याच हाताने जगलीय. तिथे त्याची माशी नाही, बी धरत नाही. फांद्या लावायच्या आणि फळ पिकावं म्हणून त्याला चाकूने चीर द्यायची. तिथे माणसाने हात काढून घेतला असता तर ते झाड उरलं नसतं. आपल्या उंबराने आजवर आपल्याकडून फक्त हात आवरण्याची अपेक्षा केली. छाटाने आपलाही उंबर येतो, पण ते त्याच झाडाचं पुढचं रूप. बियांचं प्रत्येक रोप मात्र वेगळ्या अंगाचं, आणि कुठलं टिकेल हे कुंडीत बघून सांगता येत नाही.

रोप गुडघ्याएवढं झालं की पावसाच्या तोंडावर जमिनीत घालावं. घराच्या पायापासून आणि पाइपलाइनीपासून लांब, नदीकाठ मिळाला तर उत्तम, पुराच्या रेषेच्या वर. बांधाजवळ लावायचं असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावं. सावली त्याच्या उसावर जाणार, मुळं त्याच्या रानात जाणार, आणि एकदा उंबर कमरेएवढा झाला की रागाच्या भरातसुद्धा तो तोडायला त्याचा हात उचलणार नाही. त्याला एवढं तरी आधी ठाऊक असलेलं बरं.