साक्षी आणि कात्री

पोर्तुगीज कादंबरीकार जोझे सारामागो यांच्या १९९५ सालच्या कादंबरीवरून फर्नांडो मेरेलिस या ब्राझिलियन दिग्दर्शकाने २००८ साली काढलेला ‘ब्लाइंडनेस’ हा चित्रपट पाहून उठणारा प्रेक्षक बहुधा एकच निष्कर्ष घेऊन घरी जातो : साथ आली, राज्ययंत्र मोडले, की सभ्यतेचा मुलामा उडतो आणि माणसातले श्वापद उघडे पडते. हा निष्कर्ष मला फार स्वस्त वाटतो.

सर्वत्र दुधाळ शुभ्रता दिसू लागावी असे विलक्षण अंधत्व शहरात पसरते, सरकार बाधितांना वेड्यांच्या एका ओस इस्पितळात डांबून बाहेर बंदुकीचा पहारा बसवते, आणि आत एक इसम पिस्तुलाच्या जोरावर सर्वांचा शिधा ताब्यात घेऊन त्याच्या मोबदल्यात आधी चीजवस्तू व नंतर स्त्रिया मागू लागतो. याला बेबंदशाही म्हणता येणार नाही. तेथे कोठार आहे, वसुली आहे, आणि जप्त मालाची चोख नोंद ठेवणारा एक कारकूनही आहे, जो जन्मांध असल्यामुळे इतरांइतका गांगरलेला नाही. अधर्मालासुद्धा दफ्तर लागते, हे ज्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत त्याला निराळे सांगावयास नको. (अंधत्वाला नीतिभ्रष्टतेचे प्रतीक केल्याबद्दल अमेरिकेतील अंधांच्या संघटनेने या चित्रपटाचा निषेध केला होता, तो मला रास्त वाटतो.)

खरा प्रश्न उभा राहतो तो डॉक्टरच्या पत्नीपाशी. तिची दृष्टी शाबूत आहे. पतीची सोबत सुटू नये म्हणून आपणही आंधळे झालो असे खोटे सांगून ती त्या कोंडवाड्यात शिरली आहे. आपल्या वेदान्ताने साक्षीची जी कल्पना केली ती कूटस्थाची, उदासीनाची. तो सर्व पाहतो आणि कशानेही लिप्त होत नाही. या बाईच्या वाट्याला असे अलिप्त पाहणे येतच नाही. जे दिसते ते तिला उपसावे लागते, धुवावे लागते, आणि अखेर स्त्रियांची मागणी आली तेव्हा इतरांबरोबर स्वतःही जावे लागते. परतताना त्यांच्यातली एक प्राणास मुकलेली असते. तिचे प्रेत त्या बायका ज्या निगुतीने धुऊन काढतात, तेवढा एक प्रसंग पाहिला तरी श्वापदाचा सिद्धान्त टिकत नाही. कात्री डॉक्टरच्या पत्नीच्या सामानात होतीच. परंतु ती उचलून त्या पिस्तूलवाल्याचा गळा चिरण्याचे धैर्य तिला या सर्वानंतर येते. आधी का आले नाही, असे विचारणारा न्यायाधीश मला परवडत नाही. पण पाहणे आणि करणे यांच्यामध्ये जो काळ गेला त्याची किंमत दुसऱ्या कोणी तरी मोजली, हे तीही विसरू शकणार नाही. हत्येचे पाप तिला लागले असे मला वाटत नाही. हात स्वच्छ राहिले असेही म्हणवत नाही, आणि ही दोन विधाने एकत्र कशी नांदतात याचे उत्तर कोणत्याही स्मृतिग्रंथात सुटसुटीत मिळेल असा माझा भरवसा नाही.

सारामागो पक्के निरीश्वरवादी. तरीही कादंबरीच्या उत्तरार्धात त्यांनी या बाईला एका चर्चमध्ये आणून बसवले आहे, जेथे क्रुसावरील येशूपासून संतांपर्यंत जवळजवळ साऱ्या मूर्तींच्या डोळ्यांवर कोणी तरी पांढरी पट्टी बांधून ठेवलेली असते. सर्वसाक्षी मानलेल्या देवाने एवढे सारे पाहूनही हात हलवला नाही, म्हणून त्याचा पाहण्याचा अधिकार काढून घेणारा हा जणू हुकूमनामाच. भाविकाला हा अधिक्षेप वाटेल. मला तो प्रार्थनेच्या फार जवळचा वाटतो, कारण ज्याच्याकडून अपेक्षाच उरली नाही त्याचे डोळे बांधण्याची तसदी कोण घेईल? ती पतीला हा प्रकार सांगते, आसऱ्याला आलेल्या लोकांच्या कानी तो पडतो, आणि तेथे एकच हलकल्लोळ उडून माणसे एकमेकांना तुडवत बाहेर धावतात. मूर्ती त्यांच्यापैकी कोणालाच दिसत नव्हत्या. पळापळ झाली ती मूर्तींना आपण दिसत नाही, एवढे कळल्यामुळे.