शपथेबाहेरचे सत्य

मरोळच्या चर्चमध्ये दृढीकरण संस्काराची तयारी करणाऱ्या मुलांना मी आठवी आज्ञा समजावून देत होतो. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष का देऊ नये, यावर बोलणे चालले असता एका मुलाने विचारले, "सर, कसाबविषयी खोटे बोलले तरी पाप लागते का?" वर्गात हशा पिकला. मी उत्तर पुढच्या रविवारवर ढकलले.

प्रश्न पोरकट नव्हता. ॲड. उज्ज्वल निकम हे जळगावचे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यापासून २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यापर्यंत त्यांनी सरकारची बाजू मांडली. न्यायालयाबाहेर कॅमेऱ्यांसमोर दिवसाचे कामकाज उलगडून सांगणारा त्यांचा चेहरा घरोघरी परिचयाचा झाला. पुढे २०१६ साली पद्मश्री, २०२४ साली लोकसभेच्या निवडणुकीत पराभव आणि २०२५ साली राज्यसभेवर नियुक्ती, असा हा प्रवास आहे.

खटला चालू असताना रक्षाबंधनाच्या दिवशी कसाबने डोळे पुसले. त्याला बहीण आठवली असावी, अशी चर्चा वाहिन्यांवर सुरू झाली. तेव्हा निकम यांनी पत्रकारांना सांगितले की कसाब तुरुंगात मटण बिर्याणी मागतो आहे. सहानुभूतीची लाट तत्काळ ओसरली. २०१५ साली जयपूर येथे एका परिषदेत त्यांनी स्वतःच उघड केले की बिर्याणीची गोष्ट आपण रचलेली होती. ही कबुली त्यांच्याकडून कोणी वदवून घेतली नव्हती, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

वकील न्यायालयाबाहेर बोलतो तेव्हा तो शपथेवर नसतो, हे खरे. निकालही बिर्याणीवर अवलंबून नव्हता. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर जीव धोक्यात घालून सेबास्टियन डिसोझा या आपल्या समाजातील छायाचित्रकाराने कसाबचे छायाचित्र टिपले आणि न्यायालयात येऊन साक्षही दिली. अशा पुराव्यांवर तो दोषी ठरला. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. मग असत्याने बिघडले ते काय?

माझ्या मते त्याचा घाव कसाबला बसलाच नाही. ज्यांच्या घरची माणसे त्या रात्री गेली, त्यांनी ऐकले की सरकार मारेकऱ्याचे लाड पुरवते आहे. आधीच जळणाऱ्या जखमेवर हे मीठ होते. शिवाय आरोपीला वकील देणे, साक्षीपुरावे तपासणे, अपील ऐकणे म्हणजेच बिर्याणी वाढणे, असा समज लोकांत रुजला. ज्या न्यायपद्धतीच्या बळावर निकम यांनी खटला जिंकला, तिच्याविषयीच लोकांच्या मनात चीड उत्पन्न झाली. २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला येरवड्यात फाशी झाली; ही चीड मात्र मागे उरली.

इ.स. ४२० च्या सुमारास संत ऑगस्टीन यांच्यापुढे असाच पेच आला होता. पाखंडी लोक आपली मते लपवतात, तेव्हा त्यांना उघडे पाडण्यासाठी खोटे बोलावे काय, असे कोन्सेंशियस नावाच्या गृहस्थाने विचारले. ऑगस्टीन यांनी स्पष्ट नकार दिला. खोटे बोलून सत्याचे रक्षण करू पाहणाऱ्यावर पुढे विश्वास तरी कोणी ठेवावा, हा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा होता. मला त्यांचा कठोरपणा पूर्वी अव्यवहारी वाटे. (घरात आजारी माणसापासून निदान लपवताना अजूनही वाटतो.) परंतु दूरचित्रवाणीच्या पडद्यावर एका वाक्यासरशी लाखो मने फिरतात. तिथे तो कठोरपणा मला आवश्यक वाटतो.

पुढच्या रविवारी मी मुलाला हे सांगितले. त्याने विचारले, "मग त्यांनी गप्प बसायचे होते का?"

"नाही," मी म्हणालो. "न्यायालयात अश्रू हा पुरावा नसतो, एवढे खरे वाक्य त्यांना सांगता आले असते."

तो क्षणभर थांबला. "पण सर, ते कोणी टीव्हीवर दाखवलेच नसते."