उचलता येणारा डोंगर

मुर्तिजापूर ते यवतमाळ ही शकुंतला रेल्वेची ११३ किलोमीटरची वाट अडीच फुटी रुळांची. १:८७ या प्रमाणात तिचे छोटे रूप करायचे ठरवले, तर दोन रुळांमधले अंतर पावणेनऊ मिलिमीटर भरते, आणि बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ त्याला पुरतो. हा रूळ फळीवर पक्का बसवतात. त्याच्या कडेचा डोंगर, काळ्या मातीतली पऱ्हाटी, पळस, साग मात्र थर्माकोलच्या वेगळ्या तुकड्यावर उभारून नुसते ठेवलेले असतात. डबा घसरला तर तिथवर हात पोहोचायला हवा, रूळ पुसता यायला हवेत, सुटलेली तार जोडता यायला हवी. मग प्रश्न उरतो तो असा: जे उचलून बाजूला ठेवता येते, ते त्या छोट्या जगाचा खरा भाग आहे, की नुसते झाकण?

नैयायिकांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, तिच्या अवयवांहून वेगळी असते. एक अवयव निघाला की जुनी वस्तू संपते आणि उरलेल्या अवयवांतून नवी उपजते. हे मानले तर रूळ पुसण्यासाठी डोंगर उचलला की एक छोटे जग नाहीसे होते आणि परत ठेवला की दुसरेच उभे राहते. तर्क चोख आहे, पण करणाऱ्याच्या अनुभवाशी तो जुळत नाही. ‘मिलिंदप्रश्ना’तला नागसेन दुसऱ्या टोकाला जातो: आस म्हणजे रथ नव्हे, चाक म्हणजे रथ नव्हे, रथ हे केवळ जुळणीला दिलेले नाव. मला या वादात बौद्ध तार्किक धर्मकीर्तीची कसोटी अधिक उपयोगी वाटते. काही कार्य घडवण्याचे सामर्थ्य ज्यात आहे, ते खरे. जागेवर असताना हा डोंगर वळण झाकतो, म्हणून हातभर रुळावरची गाडी दूर गेल्यासारखी भासते. उचलल्यावर तो रुळाची निगा शक्य करतो. दोन्ही त्याचीच कामे आहेत.

पक्के बसवलेले तेच खरे, असे ज्यांना वाटते त्यांनी मूळ शकुंतलेकडे पाहावे. किलिक निक्सन कंपनीने ही वाट वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी उभारली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिच्यावर राबले, मग डिझेल आले. आज तिथे गाडी धावत नाही. रूळ बऱ्याच ठिकाणी जमिनीतच आहेत, पण त्यांना रेल्वे म्हणताना जीभ अडखळते. जखडलेले तेवढे राहिले, कार्य गेले.

उलट, यवतमाळच्या दुर्गोत्सवात बांबू-कापडाची भव्य मंदिरे उभी राहतात आणि नवरात्र सरले की उतरतात. पूजेत आवाहनाइतकेच विसर्जनही विधीचे अंग आहे, आणि मांडव उतरणार म्हणून देवी नऊ दिवस उणी होती असे कोणी भाविक मानत नाही. यावर एक आक्षेप रास्त आहे. विसर्जनात त्याग असतो. डोंगर तर तासाभरात परत जागेवर येतो, त्यात फक्त सोय आहे. हा फरक मी मान्य करतो. डोंगर उचलण्यात वैराग्य नाही, पण सेवा आहे. आपल्या कामाखाली उद्या काहीतरी बिघडेल हे घडवतानाच मान्य करणे, आणि त्या बिघाडापर्यंत जायला वाट ठेवणे, ही नम्रता मला कमी धार्मिक वाटत नाही. डोंगर कायमचा चिकटवणाऱ्याला एक दिवस तो फोडावा लागतो.

राहिला सुट्या तुकड्याच्या कडेला पडणाऱ्या फटीचा प्रश्न. फट दिसली की भास मोडतो, आणि ती लपवणे म्हणजे फसवणूकच, असे म्हणता येईल. पण फट कुठे पाडायची हे करणाऱ्याच्या हाती असते. पऱ्हाटीच्या भर शेतात ती पाडून वर रंग फासणे खोटेच, कारण जमीन तिथे तुटत नाही. तीच धुऱ्यावर, नाल्याच्या काठी किंवा बैलगाडीच्या चाकोरीत आणली, तर जिथे जमीन स्वतःच दुभंगते तिथेच तुकडा सुटतो. त्यासाठी शेत कुठे संपते हे आधी नीट पाहावे लागते.